अकरा पायऱ्यांचं भाषण

डोमाजी बुढ्यानं बुद्धजयंतीच्या सकाळी, भरल्या मांडवात उभं राहून, घटकाभर फक्त खरं सांगितलं, हे कोणी मानायचं नाही. वलगावच्या बाजारात सांगून पाहा, पानवाला चुना लावता लावता थांबेल आणि म्हणेल, डोमाजी अन् खरं? अकोल्याच्या वाटेवर सरकीच्या गाड्या थांबवून सांगा, गाडीवान जू खाली टेकवून हसायला बसतील. पण ते घडलं. शेवटचं तेवढं सोडलं तर.

वलगावहून दोन कोसांवर, पेढी नदीच्या काठाला त्याचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची पंचवीस घरं, त्यातलं शेवटून दुसरं डोमाजीचं. साठी उलटलेली, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, अंगावर मांस म्हणून नाही. तीस वर्षं त्यानं एका पाटलाकडे सालदारी केली आणि त्या तीस वर्षांत पाहिलेलं सगळं तो संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायचा. न पाहिलेलं जास्त सांगायचा. चिखलदऱ्याला म्हणे धुकं एवढं दाट होतं की त्यानं धुक्यातच खुंटी ठोकून फेटा टांगला, आणि दुपारी धुकं हटल्यावर फेटा दरीत पडला. पाटलाचा पांढरा बैल कापसाची गाडी घेऊन एकटाच अकोल्याला जायचा आणि काट्यावर माप कमी भरलं तर तिथून हलायचा नाही.

त्याच्या ओट्याचा एक कायदा होता. गोठ, म्हणजे त्याची गोष्ट, चालू असताना ऐकणाऱ्यानं तोंडानं ‘खोटं’ म्हटलं, तर डोमाजी कानामागची विडी काढून त्याला द्यायचा आणि गोठ तिथंच तुटायची. मग पुढचं कितीही विचारा, सांगायचा नाही. म्हणून लोक दातांखाली जीभ धरून ऐकायचे. त्याची बायको सुंदराबाई उंबऱ्यात बसून डाळ निवडायची. चाळीस वर्षांत तिनं तो शब्द एकदाही काढला नव्हता.

दीक्षा घेतल्याला सातवं वर्ष चालू होतं. विहारात सगळे मिळून पंचशील म्हणायचे, आणि चौथं शील, खोटं न बोलण्याचं, जवळ आलं की डोमाजीला हमखास खोकला यायचा. पोरं मागं वळून पाहायची. हेही सगळ्यांना पाठ झालेलं होतं.

त्या सालच्या वैशाखात मात्र ओट्यावर हसायला कोणी येत नव्हतं. पंचवीस घरांत सतरा पाय बांधलेले होते. नारू. घोट्यावर, पोटरीवर, कोणाच्या गुडघ्यामागं आधी फोड यायचा, निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची, फोड फुटायचा आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा तोंड काढायचा. त्याला काडीच्या फटीत धरून रोज बोटभर गुंडाळायचं. जास्त ओढला की तुटतो, आणि आत तुटला की पाय सडतो. धसकटं वेचायची, वखरणीची, बांधांचे धुरे साफ करायची वेळ, आणि बाप्ये दारात पाय पसरून काडीकडे पाहत बसलेले. बाया एकट्या वावरात जायच्या आणि दुपारी येऊन पाय धुवायच्या. स्वतःचे नाही, नवऱ्याचे.

मागच्या वर्षी बारा पाय होते. त्यातला एक जानरावचा. शेजारचा तो, हत्तीसारखा गडी. मृग लागला, मालकाची तिफण उभी राहिली, बोलावणं तीनदा आलं. जानरावनं घाईघाईत नारू ओढला आणि तो तुटला. तशाच पायानं चिखलात दोन दिवस तिफण हाकली. आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. अमरावतीला नेलेली गाडी परत आली तेव्हा त्याची बायको पंचफुला गाडीच्या मागं चालत होती, कारण आडव्या माणसाशेजारी जागा नव्हती.

ह्या सगळ्याचं मूळ विहिरीत आहे, असं सांगायला ताहेर आला होता. ताहेर म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा निरीक्षक, अकोल्याच्या मुसलमान घरचा, सायकलवर फिरणारा. त्यानं विहिरीचं पाणी बाटलीत धरलं, भिंग दिलं, पाण्यात उड्या मारणारे बारीक जीव दाखवले. मग म्हणाला की ही पायविहीर आहे, माणसं पाय घालतात त्याच पाण्यात घागर बुडवतात, तेव्हा पायऱ्या बुजवाव्या लागतील. वर कठडा, दोर ओढायची गिरकी आणि पोहरा सरकार देईल. फक्त वस्तीचे अंगठे हवेत.

बुजवायच्या म्हटल्याबरोबर वस्तीतला देवमन उठून उभा राहिला होता.

ती विहीर देवमननं बांधवली होती. त्याआधी खालच्या वस्तीनं गावच्या विहिरीपासून वीस पावलांवर घागरी मांडून बसायचं, आणि वरून कोणाला दया आली तर तो ओतायचा. कधी दुपार कलायची, कधी घागर रिकामीच परत यायची. दीक्षेनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात देवमन म्हणाला की विहीर आपली, आणि तिला पायऱ्या. दोर नको, कोणी वरून ओतणारा नको. आपल्या पायानं उतरायचं आणि आपल्या हातानं पाण्याला शिवायचं. दिवसभर मजुरी करून पंचवीस घरांनी चाळीस दिवसांत ती खोदली. काळा दगड देवमननं स्वतः घडवला. सुंदराबाईच्या दोन बोटांची नखं त्या दगडाखाली गेली ती पुन्हा सरळ आली नाहीत. पाणी लागलं त्या दिवशी साऱ्या बाया खाली उतरल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात नुसत्या उभ्या राहिल्या. भरलं कोणी नाही. उभ्याच राहिल्या.

त्या पायऱ्या बुजवायच्या म्हटल्यावर देवमन शांतपणे एवढंच बोलला, “साहेब, पुन्हा वरूनच पानी घ्याचं आमी? हे तुमाले कोनं शिकवलं?”

वस्तीत अशीही कुजबुज होती की वरच्या गावातल्या कोणी पाण्यात काही कालवलं. देवमनचा त्यावर निम्मा विश्वास होता, आणि निम्मा पुरत होता. ताहेरनं भिंग रुमालात गुंडाळलं.

जाताना त्याची सायकल पंक्चर झाली. पंक्चर काढायला तो डोमाजीच्या ओट्यापाशी थांबला आणि तिथं दोन-चार बांधलेले पाय पसरून बसलेल्या माणसांना डोमाजी काहीतरी सांगत होता. आजारी माणसं माना लांब करून ऐकत होती. ताहेर तिथंच उकिडवा बसला. उठताना म्हणाला, “बाबा, माझं कोणी ऐकलं नाही. तुमचं ऐकतात. पौर्णिमेला सगळी वस्ती जमते ना? तुम्ही सांगा.”

“मी?” डोमाजी म्हणाला. “अन् मानतीन काय ते?”

“खरं सांगाल तर मानतील.”

पौर्णिमेनंतरच्या सोमवारी कागद पोचले नाहीत तर सिमेंट दुसऱ्या गावाला जाणार होतं. मधे अकरा दिवस होते. ताहेर दर दोन दिवसांनी यायचा आणि त्याची शिकवणी व्हायची. पहिल्या दिवशी डोमाजीनं बसल्या बसल्या भाषण करून दाखवलं. नारू हा असा किडा की एका माणसाच्या पायातून काढायला घेतला तर वलगावची वेस येईपर्यंत संपत नाही, त्यावर पाच बाया लुगडी वाळत घालू शकतात.

“बाबा, हा किस्सा झाला,” ताहेर म्हणाला. “मालूमात पाहिजे, खरी माहिती. जितकी आहे तितकी. किती लांब असतो?”

“दोन हात.”

“मग दोन हात म्हणा.”

“दोन हाताले कोन भिते?”

“ज्याच्या पायात आहे तो.”

 मग ताहेरनं डोमाजीला भाषण बांधायची रीत सांगितली. आधी आपण काय सांगणार ते सांगायचं, मग ते सांगायचं, शेवटी काय सांगितलं ते पुन्हा सांगायचं. डोमाजी म्हणाला की एकच गोठ तीनदा सांगितली तर लोक म्हणतील बुढा भैकला. ताहेर हसला नाही. एका वाक्यात एकच गोष्ट, म्हणाला. आधीची समजल्याशिवाय पुढची नाही. आणि मधे एक उदाहरण, इथलंच, नावासकट, नाहीतर लोकांना वाटतं हे दुसऱ्या कोणाचं आहे.

डोमाजीला अक्षर येत नव्हतं. गोठी त्याला आपोआप सुचायच्या, पण सुचू न देता एकामागं एक खरं बोलायचं त्याच्या डोक्यात राहीना. कोणतं आधी, कोणतं नंतर, सगळं एकात एक जायचं. दोन दिवस त्यानं तोंडातल्या तोंडात घोकलं आणि दोन्ही दिवस नारू वलगावच्या वेशीपर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी, भर उन्हात विहिरीवर कोणी नसताना, तो पायऱ्यांवर जाऊन बसला. पावसाळ्यात चारच उघड्या असायच्या. वैशाखात पाणी तळाला गेलेलं, अकरा मोकळ्या होत्या. एकेका पायरीवर त्यानं एकेक वाक्य ठेवलं. पहिलीवर उभं राहून म्हणायचं, मी आज नारूची गोठ सांगणार. दुसरीवर उतरायचं, नारू कोणाचा शाप नाही, कोणाची करणी नाही. तिसरीवर, तो दोन हात लांब असतो. तिथं त्याची जीभ वळवळायची आणि तो पायाचा अंगठा दगडावर दाबून धरायचा. सहावीवर एक दगड हालत होता, तिथं त्यानं गाळणीच्या फडक्याचं वाक्य ठेवलं, म्हणजे विसरणार नाही. नववीपर्यंत चांगलं जमायचं. दहावीवर, फोड आलेला पाय पाण्यात गेला की किडा पाण्यात हजारो पोरं सोडतो, ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून ती वर्षानं निघतात.

अकरावीवर उदाहरण होतं. तिथं पाणी पायाला लागायचं आणि डोमाजी उलटा फिरून वर यायचा.

दोन वर्षांआधीच्या चैत्रात सुंदराबाईच्या घोट्यावर फोड आला होता. त्याच्या आदल्या सालच्या उन्हाळ्यात ती अकोल्यापलीकडे भावाकडे महिनाभर राहून आली होती. तोपर्यंत वस्तीत नारू कोणी पाहिलेला नव्हता. तीन दिवस ती पाय धरून तळमळत होती. डोमाजीनंच तिला धरून खाली नेलं, अशाच एका दुपारी, शेवटच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाला, सोड पाण्यात, गार वाटीन. तिनं पाय सोडला. आग थांबली तेव्हा ती डोळे मिटून रडली, आणि डोमाजीनं तिला हसवायला धुक्यातल्या फेट्याची गोठ सांगितली. चार दिवस ते रोज गेले. कोणाला कळलं नाही. कळलं असतं तरी त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते ताहेरच्या भिंगानं कळलं, आणि तेव्हा जानरावला जाऊन दहा महिने झाले होते.

त्या दिवसापासून सुंदराबाई पायऱ्या उतरली नव्हती. गुडघे धरतात म्हणायची. म्हणून तिची घागर पंचफुला भरून आणायची. सकाळ झाली की पंचफुला दारात यायची, डोक्यावर आपली घागर, कमरेवर हिची. “मोठीमाय, पानी,” म्हणायची आणि ओतून द्यायची. सुंदराबाई फडक्यातून तीनदा गाळायची आणि त्यातलं पाणी दुपारपर्यंत पीत नव्हती. दोघी बरोबरच धसकटं वेचायला जायच्या. पाटलाच्या काळ्या रानात, भेगा पडलेल्या, टाचेत काडी घुसेल अशा. पंचफुला भाकरीचा तुकडा मोडून हिच्या हातावर ठेवायची. सुंदराबाई घ्यायची, आणि पंचफुलानं पाठ केली की तो तुकडा धुऱ्यावर पाखरांना टाकायची. मुकादमानं एकदा पाहिलं आणि सगळ्यांसमोर बोलला की बुढीचं पोट भरलंय, तिला उद्यापासून अर्धी मजुरी. तिनं मान खाली घालून अर्धी घेतली.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चुलीपाशी तिनं विचारलं, “झालं काय पाठ?”

“दहा झाल्या.”

“अकरावी?”

डोमाजी काडीनं राख उकरत राहिला.

“माहं नाव घेसान?”

“नाही.”

“मंग कोनाचं?”

“घेईन कोनाचंबी. परगावचा वाटसरू होता म्हनीन.”

सुंदराबाईनं भाकरी उलटली.  तव्यावरच्या भाकरीला डाग पडला तरी तिनं ती काढली नाही.

सकाळी मांडव भरला. बांधलेल्या पायांना टेकायला पोत्यांच्या गुंडाळ्या केल्या होत्या. बाया उजवीकडे, त्यात पंचफुला पुढं आणि सुंदराबाई खांबाला टेकून मागं. ताहेर सायकलपाशी उभा, त्याच्या हातात कागद आणि शाईची डबी. पंचशील झालं. चौथं शील आलं तेव्हा पोरांनी सवयीनं वळून पाहिलं. डोमाजी खोकला नाही. शब्दानं शब्द म्हणाला. त्याचा आवाज इतका कोरडा लागला की दोघा-तिघांनी माना वर केल्या.

मग तो उभा राहिला. धोतराचा सोगा खोचला आणि डोळे मिटून मनातल्या पहिल्या पायरीवर उभा राहिला. पुढं जे तो बोलला त्यात ओट्यावरचं काही नव्हतं. नारूची गोठ सांगणार म्हणाला. शाप नाही म्हणाला. दोन हात म्हणाला, आणि लोक हसायला तयार होऊन बसले होते ते तसेच राहिले, कारण पुढं काही वाढलंच नाही. एका वाक्यानंतर तो अर्धं पाऊल पुढं टाकायचा, दगड चाचपल्यासारखा पाय टेकायचा, मग बोलायचा. सहावीवर जरा डगमगला. फडकं चौपदरी हवं, लुगड्याचा जुना पदर चालेल, म्हणाला. मधेच कोणी पाणी मागितलं तर कोणी उठलं नाही. काडीला गुंडाळलेले किडे पायांवर घेऊन सतरा माणसं आपल्याच पायांची गोठ ऐकत होती, आणि ऐकता ऐकता एकेकजण आपल्या काडीकडे पाहू लागला. दहावी पायरी सांगून झाली. मांडवाच्या छपरावर ऊन तडकत होतं.

“म्हंजे वरच्यायनं काही कालवलं नाही म्हनता,” देवमन बसल्या जागेवरून म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. त्याचा स्वतःचाही पाय बांधलेला होता. “आपल्यातल्याच कोनी पाय घातला.”

“हो.”

“त्याच्याआंधी पानी चांगलं होतं.”

“हो.”

“मंग सांगा. कोनाचा पाय होता? हे समजल्याशिवाय मी माह्या हातानं घडवलेला दगड बुजू देनार नाही, डोमाबाबा. वाऱ्यावरच्या गोठी आमी तुमच्या पुष्कळ ऐकल्या.”

वाटसरू डोमाजीच्या तोंडाशी आला होता. पण मांडवातल्या सगळ्या नजरा त्याच्यावर होत्या आणि त्याला कळलं की वाटसरूला इथं कोणी मानणार नाही. वाटसरू म्हणजे धुक्यातली खुंटी. वस्ती उठून जाईल, देवमन जाईल, पुढच्या चैत्रात तीस पाय असतील. त्यानं डोळे उघडले. समोर पंचफुला बसली होती, मांडीवरचा पदर दोन्ही हातांनी धरून.

“माहा,” तो म्हणाला.

आणि मग त्या सकाळी पहिल्यांदा त्याची जीभ सैल सुटली. दोन वर्षांआधीचा चैत्र, भर दुपार, कुत्रंही बाहेर नाही. घोट्यावर बोराएवढा फोड. आग अशी की माणूस पाय तोडून फेकील. कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. एकटा काठी टेकत उतरलो, अकरावीवर बसलो, पाय सोडला. चार दिवस रोज गेलो. मले काय ठावूक, म्हणाला, गारवा मले भेटला अन् मरन जानरावले. हे बोलताना त्याचा आवाज ओट्यावरच्यासारखा भरला होता, हात हवेत विहीर काढत होते, फोडाचा आकार बोटांनी दाखवत होते. लोकांना ती दुपार दिसत होती.

 पंचफुला त्याच्याकडे पाहत राहिली, बराच वेळ, आणि मग तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. देवमननं मान खाली घातली. बांधलेला पाय सावरत तो उठला, लंगडत ताहेरपाशी गेला, त्याच्या हातातून शाईची डबी घेतली आणि झाकण उघडलं. अंगठा शाईवर टेकवला.

“खोटं.”

आवाज बायांच्या मागच्या अंगाहून आला. सुंदराबाई खांब धरून उठत होती. डोमाजीचा हात आपसूक कानामागं गेला, विडीकडे, आणि तिथंच राहिला. ती बायांमधून वाट काढत पुढं आली, पंचफुलासमोर थांबली. वाकून तिनं लुगडं घोट्यावर ओढलं. तिथं पैशाएवढा पांढरा, चुणी पडलेला डाग होता.

“यायचे पाय पाहा,” ती डोमाजीकडे हात करून म्हणाली, “एकबी डाग सापडते काय. पाय माहा होता, पंचफुला.”